एक पास, राजनंदिनीच्या नावाचा

छबूबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. मीही तोंडावर अक्काच म्हणते, पाठीमागं काय म्हणते ते माझं मला ठाऊक. बाई कुणाचं ऐकत नाहीत हो! मी अंगणवाडीची सेविका. अख्ख्या गावाची पोरं माझ्यासमोर हाताची घडी घालून बसतात, पण घरात अक्कांपुढं माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. "सविते, तू गप," एवढं म्हटलं की संपलं.

पाथर्डीहून जीपनं आत गेलं की आमचं गाव लागतं. दसरा झाला की निम्मं गाव बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. अक्कांनी उमेदीची सगळी वर्षं कोयता चालवला. आमचे भाऊजी वारले तेव्हा लोकांना वाटलं, आता ही टोळी मोडणार. मोडली नाही. अक्का स्वतः मुकादम झाल्या. बाई आणि मुकादम! पहिल्या वर्षी ज्याला त्याला हसू आलं. पुढच्या वर्षी कुणी हसलं नाही, कारण अक्कांच्या टोळीतलं एकही माणूस उसाचा फड अर्धा टाकून पळालं नाही, आणि त्यांच्या शिव्या खाल्लेला ट्रॅक्टरवाला वेळेच्या आधी येऊन उभा राहायला लागला.

टोळीची एक मोजदाद असते, ती सांगायला हवी. तोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई असली तर अर्धा कोयता. अक्कांची जीभ या मोजणीत इतकी घोळली आहे की लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या विचारतात, "किती कोयते जेवायचे ऱ्हायले गं?"

आता त्यांचे गुडघे गेले. मुलगा आदिनाथ आणि सून तोडीला जातात. त्यांची पोरगी राजनंदिनी मात्र अक्कांनी कधी फडावर जाऊ दिली नाही. "हिची शाळा तुटली तर माझ्याशी गाठ हाय," असा दम देऊन आजीनं नातीला जवळ ठेवून घेतलं. पोरीनंही चीज केलं. बारावी झाली आणि पुण्याच्या नर्सिंग कॉलेजला तिचा नंबर लागला. अक्का त्या दिवशी दारोदार साखर वाटत फिरल्या. माझ्या दारात दोनदा आल्या.

पण आदिनाथची गाडी अडली. कॉलेजच्या होस्टेलला जागा उरली नव्हती. राहायचं म्हणजे तिच्या मामाकडं, त्याचं नाव कल्याण. कल्याणचं घर पुण्याच्या एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या टोकाला, मध्ये बस बदलायची. आणि नेमकं त्याच वेळी मिरजगावकडून एक स्थळ आलं. मुलगा कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, फक्त तोडीला जायला त्याला जोडीदारीण हवी होती.

"दसऱ्याच्या आत उरकून टाकू," आदिनाथ म्हणाला. "पोरीनं कधी एकटीनं पाथर्डीचा बाजार केला न्हाई. तिथं दोन दोन बशी बदलून कशी जाईल? चुकली, कुनाच्या हाती लागली, तर मी काय तोंड दाखवू?"

आदिनाथ वाईट नाही, खोटं कशाला बोलू. लहानपणी पोरगी तापली की फडावरून मिळेल त्या वाहनानं रातोरात यायचा बिचारा. त्याची माया मोठी आणि भीती त्याहून मोठी. पण भीतीपायी पोरीचं आयुष्य फडावर जाणार, हे दिसत असताना अक्का गप्प बसतात होय? चार दिवस मायलेकरांची अशी जुंपली की शेजारचे भांडी घासायची थांबवून ऐकत बसायचे. शेवटी आदिनाथनंच अट घातली. कॉलेजात नाव नोंदवायच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी पुण्याला जायचं. दिवसभरात सगळी कामं उरकली आणि पोरगी शहरात निभावेल असं त्याला वाटलं, तर ती त्याच दिवसापासून मामाकडं राहील. नाहीतर संध्याकाळच्या पाथर्डी गाडीनं सगळी माघारी, आणि रविवारी पाहुणे बघायला येतील.

"चालंल," अक्का म्हणाल्या. "सविते, तूबी चल. तुला लिवता-वाचता येतं."

मला बस लागते हे अक्कांना चांगलं माहीत आहे. पण माझ्या पोटाला कोण विचारतं!

सून घरी थांबली, आणि पहाटेच्या एसटीनं आम्ही चौघं पुण्याला पोचलो, आदिनाथचं फुल तिकीट आणि आम्हा तिघी बायकांची हाफ. आदिनाथची कंबर उसाच्या मोळ्या वाहून गेलेली. गाडीतून उतरताना त्याला सरळ उभं राहता येईना. स्टँडवरच्या बाकड्यावर पिशव्या घेऊन तो बसला आणि म्हणाला, "मी हितनं हालत न्हाई. तुमी जावा. बघू काय दिवे लावता ते."

आधी सरकारी दवाखान्यात जाऊन तब्येतीचा दाखला घ्यायचा, मग कॉलेजात जाऊन नाव नोंदवायचं, मग परत स्टँडवर. सिटी बसच्या थांब्यावर आम्ही उभ्या राहिलो आणि तिकिटावरून वाद सुरू झाला. मी म्हटलं, "जिथं जायचं तिथलं तिकीट काढायचं. सरळ काम." थांब्यावरच्या एका गृहस्थांनी मेट्रोचं सुचवलं. गार हवा, बसायला जागा, सगळं खरं, पण आमच्या कॉलेजापर्यंत ती जात नव्हती. तेवढ्यात बस आली. आत कंडक्टर बाई होती, हसतमुख.

"आजी, आज किती ठिकाणी जायचंय?" तिनं विचारलं.

"आमाला काय म्हाईत माय? जिथं धाडत्याल तिथं जायाचं."

"मग दिवसभराचा पास घ्या. आज कुठल्याही सिटी बसमध्ये बसा, कितीही वेळा चढा-उतरा. पुन्हा तिकीट काढायचं काम नाही."

अक्कांचे डोळे असे चमकले म्हणून सांगू! "म्हंजे रोजानं! सविते, बघ, तुझं एकेक तिकीट म्हंजे उक्तं काम, एका कामाचे ठरीव पैसे. हे रोजाचं हाय. जलमभर मी लोकांच्या रोजानं गेले. आज ही बस माझ्या रोजावर!"

सगळी बस हसली. मी मात्र हसण्याच्या अवस्थेत नव्हते. खिडकीची जागा धरायला मी मागं पळाले, तोंडात लिंबाची फोड धरली आणि माझं तिकीट माझं मी काढलं. पुढं अक्कांनी पास घेतला. किती घेतले, कुणासाठी घेतले, हे मी विचारलं नाही. गर्दीत राजनंदिनीचं आधार कार्ड कंडक्टर बाईच्या हातात गेलं आणि परत आलं, एवढंच मला दिसलं.

दवाखान्यात रांग लांबलचक. दाखला हातात पडेपर्यंत दुपार झाली. बाहेर येऊन थांब्यावर उभ्या राहिलो तर बस येई आणि जाई. अक्का पायरीवर एक पाय ठेवून गुडघ्याला हात लावतात तोवर बाकीची माणसं आत, आणि दार बंद. राजनंदिनी चढायची आणि आजी खाली राहिली म्हणून उडी मारून उतरायची. मी तर बस दिसली तरी पोटावर हात धरायचे. अशा दोन बस गेल्यावर तिसरीत कशाबशा शिरलो. आणि नेमका त्याच बसमध्ये तिकीट तपासनीस चढला.

राजनंदिनीनं पास दाखवला. त्यानं मान हलवली आणि अक्कांकडे वळला. "आजी, तुमचं तिकीट?"

"हे काय, आत्ता तर बघितलं की. आमच्या दोघींचं हाय ते."

"आजी, पास एकाच माणसाचा असतो. यावर हिचं नाव आहे."

"नाव तिचं असंना का! आमच्यात एक कोयता म्हनलं की दोन मानसं आली. दुसऱ्याचं काय, असं कुनी इचारत न्हाई."

मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली. माझ्या कपाळाला आठ्या, राजनंदिनीचे कान लाल, आणि अक्का मात्र भर बसमध्ये त्या माणसाला ऊसतोडीची मोजदाद समजावून सांगतायत! माणूस भला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आणि एकटंच माणूस असलं तर?" त्यानं विचारलं.

"तर अर्धा कोयता."

"आजी, आमच्या बसमध्ये अर्धं माणूस नसतं," तो हसत म्हणाला. "एक माणूस म्हणजे पुरतं एक. तुम्हाला दंड भरावा लागेल."

मला वाटलं, आता बाई फड गाजवतात. पण चूक आपली आहे म्हटल्यावर अक्का कधी वाद घालत नाहीत. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, दंड भरला, पावती नीट घडी घालून ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

बस बदलायच्या चौकात आम्ही उतरलो. उतरल्या उतरल्या मी रस्त्याच्या कडेला बसले आणि सकाळपासून पोटात होतं ते सगळं पुण्याला देऊन टाकलं. डोकं वर केलं तर कॉलेजकडे जाणारी बस समोर उभी, दारापर्यंत माणसं लोंबकळलेली. ती गेली. पुढची आली, तीही तशीच. कॉलेजची कचेरी बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता. राजनंदिनी रडवेली झाली.

अक्का तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "तो मानूस काय म्हनला ऐकलंस ना? पास एकीचा हाय. काम बी एकीचंच हाय. आमी दोघी उगं तुझ्या पायात येतोय. तू जा."

"आज्जी, एकटी?"

"मग? उद्यापास्नं कोन येनार हाय संगं? मी का ही वकारी काढनारी?"

मी भडकलेच. "अक्का, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? आदिनाथ काय म्हणेल? निदान माझा मोबाईल तरी देते तिच्याजवळ."

"नगं. आदिनाथ फोन लावील आन पोरगी अर्ध्या वाटंवरनं माघारी फिरंल. बाप बोलीवतोय म्हनल्यावर ती पुढं जायाची न्हाई. तुझा मोबाईल तुझ्यापाशीच ठिव."

हे मात्र खरं होतं. आदिनाथला मी चांगली ओळखते. पोरीनं कागदांची पिशवी छातीशी धरली, पास मुठीत घेतला, आणि पुढची बस आली तेव्हा गर्दीत अशी घुसली की मी बघतच राहिले. आपली पोरगी धक्का मारून पुढं जाऊ शकते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बस हलली. अक्का त्या बसकडे बघत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मग आम्ही दोघी स्टँडकडे परत निघालो. या वेळी अक्कांनी मुकाट्यानं दोन तिकिटं काढली.

आदिनाथनं आम्हाला दोघींनाच येताना पाहिलं आणि कंबर विसरून ताडकन उठला.

"पोरगी कुठंय?"

"कालेजात गेली," अक्का म्हणाल्या.

"कुनाबरोबर?"

"पासाबरोबर."

त्यानंतर जे झालं ते मी सगळं लिहिणार नाही. आसपासची माणसं उठून दुसऱ्या बाकड्यावर गेली एवढंच सांगते. "तुला कळतं का आई? एवढ्या मोठ्या शहरात! तिच्यापाशी मोबाईल न्हाई, कल्याणचं घर तिकडं दुसऱ्या टोकाला!" आदिनाथचा आवाज ओरडता ओरडता फाटला. मग तो कॉलेजकडे निघाला. अक्कांनी त्याचा सदरा धरला.

"खाली बस. तू तिकडं जाशील आन ती हितं यील. मग ती तुला हुडकंल का तू तिला?"

तो बसला. आम्ही तिघं बसलो. मी नगरकडून येणाऱ्या गाड्या मोजल्या, मग तेही सोडून दिलं. ऊन उतरलं. समोरच्या टपरीवाल्यानं दोनदा चहा विचारला, कुणी घेतला नाही. आदिनाथ दर सिटी बसकडे मान उंच करून बघायचा आणि पुन्हा खाली घालायचा. मला सगळं नको नको ते दिसायला लागलं. अक्का ताठ बसल्या होत्या. मी सहज त्यांच्या हातावर हात ठेवला तर तो हात गारठून गेलेला. तेव्हा मला कळलं, बाई माझ्याहून जास्त घाबरल्यात. पण चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नव्हती. अशी जिद्द मी पाहिली नाही.

पाथर्डीची गाडी फलाटाला लागली. कंडक्टर ओरडायला लागला. आदिनाथ उठला आणि म्हणाला, "आता मी पोलिसात जातो."

आणि पोरगी आली! आम्ही ज्या फाटकाकडे डोळे लावून बसलो होतो त्या फाटकातून नाही, मागच्या बाजूनं आली. घामानं निथळलेली, वेणी सुटलेली, गळ्यात कॉलेजचं नवंकोरं ओळखपत्र. लांबूनच ओरडली, "आज्जी, झालं! नाव लागलं! सोमवारपासून यायचंय!"

मी रडले. मोठ्यानं रडले. फलाटावरची माणसं बघत होती, बघू दे.

आदिनाथ तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्याला तिला जवळ घ्यायचं होतं की तिच्यावर ओरडायचं होतं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. शेवटी एवढंच विचारलं, "चुकली न्हाईस ना?"

"चुकले की, दादा," ती म्हणाली. ती बापाला दादा म्हणते. "दोनदा चुकले. येताना तर पार कात्रजला गेले. बशीवर पाटी बरोबर हुती, पन बस उलट्या तोंडाची."

आदिनाथच्या चेहऱ्यावर पुन्हा ती भीती आली. "बघ, बघ आई. मी हेच म्हनत हुतो."

"तिला बोलू दे," अक्का म्हणाल्या.

"पहिल्यांदा लई भ्याले, दादा," राजनंदिनी सांगायला लागली. "रडायलाच आलं. मग हातातला पास बघितला. म्हटलं, एकेक तिकीट काढलं असतं तर चुकल्यावर पैसे गेले असते, मग कुणाला विचारायची लाज वाटली असती, आणि बसले असते तिथंच रडत. पास आहे तर चुकायला भ्यायचं कशाला? उतरायचं, रस्ता ओलांडायचा, समोरनं येणाऱ्या बशीत बसायचं. तसंच केलं. कात्रजला एका बाईला विचारलं, तिनं सांगितलं, आले. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा भ्यालेसुद्धा न्हाई. आता ते दोन्ही रस्ते मला पाठ झाले!"

अक्कांनी टाळी वाजवली. खरंच, भर स्टँडवर, दोन्ही हातांनी, कडकडून टाळी! "आरं ऐकलंस का आदिनाथ? न चुकता आली असती तर मी म्हनले असते, नशीब. चुकून चुकून आली माझी वाघीन! आता हिला कोन हरवनार हाय? सांग ना, कोन हरवनार हाय?"

आदिनाथ पिशव्या उचलून गाडीत चढला. मी आणि अक्का त्याच्या मागं चढलो. हा माणूस आता काय ठरवणार? राजनंदिनी खालीच उभी राहिली, खिडकीशी. तिची कपड्यांची पिशवी आदिनाथच्या मांडीवर होती. पोरगी वर बघत होती, चढू की नको हे तिला कळत नव्हतं. हसू केव्हाच मावळलं होतं.

कंडक्टर मशिन घेऊन आला. "बोला, कुठं?"

"पाथर्डी," आदिनाथ म्हणाला.

"किती?"

आदिनाथनं खिडकीतून खाली पाहिलं. पोरीकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या त्या ओळखपत्राकडे पाहिलं. मांडीवरची पिशवी त्यानं उचलली, खिडकीतून हळूच खाली दिली आणि पोरीनं ती धरेपर्यंत सोडली नाही. मग अगदी पुटपुटला, "एक फुल, दोन हाफ."

"मोठ्यानं बोल," अक्का म्हणाल्या.

"आई, कंडक्टरला ऐकू आलंय."

"त्याला आलं रं. खाली पोरीला न्हाई आलं."

आदिनाथनं डोळे पुसले, खिडकीतून अर्धा बाहेर वाकला आणि सगळा स्टँड वळून बघेल अशा आवाजात ओरडला, "तिघांचीच काढतोय गं! एक फुल, दोन हाफ!"